सभेच्या दिवशीचा बिबट्या

तिसऱ्यांदा बिबट्या आला, तोही राजेश्वरीच्या प्रचारसभेच्याच दिवशी.

मळवलीच्या मैदानात मंडप उभा होता, कर्णे बांधून झाले होते. दुपार कलली आणि गावातल्या सगळ्या मोबाइलवर एकच व्हिडिओ येऊन पडला. कुठल्याशा बंगल्याच्या कुंपणावरून बिबट्या उडी मारत होता. खाली ओळ होती: ‘आपल्या मळवलीत, आत्ताच.’ दिवेलागणीला मैदानात दोघंच उरले, मंडपवाला आणि शुभदा.

शुभदा लोणावळ्याहून एका दैनिकाला बातम्या देत असे. योगायोग तिला एकदा चाले. पहिला बिबट्या कार्ल्यात निघाला, दुसरा वलवणला. वनरक्षकाला कुठेच ठसा सापडला नव्हता. समोरचा उमेदवार बाजीराव पंचायत समितीवर दोनदा निवडून आलेला. निम्म्या बंगल्यांची देखभाल त्याच्याकडे, म्हणजे तिथले कॅमेरेही त्याचेच. आणि त्याच्या सभेच्या दिवशी बिबट्याला एकदाही सवड झाली नव्हती.

तिने तिथूनच फोन लावला.

“शुभदाताई, बिबट्या काय माझ्या पगारावर हाय व्हय?” बाजीराव हसला. “आन् तिची सभा मोडायला बिबट्या लागतोय कशाला? कामशेतला तिच्या पयल्या सभेला तुमी होताच की. तवा कुठं बिबट्या हुता?”

होती. भाषण चालू असतानाच मंडपवाल्याने मागच्या रिकाम्या खुर्च्या उचलायला घेतल्या होत्या. पण पडत्याला असं हिणवणं शुभदाला रुचलं नाही. हे वाक्य बातमीत घ्यायचं नाही, एवढं तिने तिथंच ठरवलं.

तेवढ्यात राजेश्वरी आली. हातात काठी, काखेत बॅटरी, मागे दोन बाया. रिकाम्या मैदानाकडे तिने एकदाच पाहिलं.

“सभा न्हाई तर न्हाई. घरं तर जाग्यावर हायेत,” ती म्हणाली आणि आळीत शिरली. शुभदा तिच्यामागे गेली.

आळीत चिटपाखरू नव्हतं. अंगणाअंगणात खुंट्याला नुसत्या साखळ्या लोंबत होत्या. भुंकणं ऐकू येत होतं ते बंद दारांआडून.

“मावशी, कुत्रं आत घेतलं का?” पहिल्याच दाराशी राजेश्वरीने हाक दिली.

शकुबाईने दार किलकिलं केलं. “घेतलं गं बाई. चुलीपाशी बांधलंय.”

“आन् शेळ्या?”

“त्या बी. पर तू अशी कशी फिरतीस? तुला भ्या न्हाई वाटत?”

“वाटतं की. पर मत मागायचं तर दारात यायला नगं?”

“बाजीराव पाच वर्सांत आला न्हाई,” शकुबाई म्हणाली, “आन् त्याला तर बिबट्या बी आडवा नव्हता!” मग तिने शुभदाला आत ओढलं. “तुमी शेहरातल्या, तुमाला ठावं नसंल. बिबट्याला कुत्र्यावानी घास न्हाई. तो फिरतोय म्हनल्यावर लेकराआदी कुत्रं आत घ्यायचं.”

राजेश्वरी प्रत्येक दारात आधी कुत्र्याचं विचारी, मग मताचं. कुणाचा वाघ्या, कुणाची चिमी, सगळी नावं तिला पाठ. एका म्हाताऱ्याचं कुत्रं बाहेर राहिलं होतं, तर तिने स्वतः ते ओढत ओसरीवर नेलं, हाताला ओरखडे काढून घेतले आणि मत मागायचं विसरून पुढे निघाली. शुभदाने बरेच उमेदवार पाहिले होते. पाया पडता पडता कॅमेरा शोधणारे पाहिले होते. इथे कुणी फोटो काढत नव्हतं. आळीच्या टोकाला पोचेपर्यंत गावाने वाक्य तयार केलं होतं: ‘बिबट्या आला, पर बाई बी आली.’

दुसऱ्या दिवशी शुभदाने बातमी लिहिली. तीन सभा, तीन व्हिडिओ, ठसा एकही नाही, कॅमेरे कुणाच्या हाती. बाजीरावच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य तिने ठेवलं. राजेश्वरीची रात्रीची फेरी सविस्तर लिहिली, आणि हात राखून लिहूनही ती चांगली उतरली.

“पुरावा?” डेस्कवरच्या प्रितमने विचारलं.

“आरोप कुठे करतेय? फायदा कुणाचा, एवढंच विचारतेय.”

“राजेश्वरीची प्रतिक्रिया पाठव. परवा मतदान आहे. उद्याच्या अंकात गेली तरच उपयोग.”

फोन लागेना, म्हणून ती संध्याकाळी राजेश्वरीच्या घरी गेली. घर गावाच्या अगदी कडेला, पुढे कापणी झालेली भातखाचरं, पलीकडे डोंगर. कुंपण नव्हतंच. राजेश्वरी फेरीहून परतली नव्हती. सासू, सरुबाई, अंगणात भाकरीचा काला कालवत बसली होती.

“बसा. राजी यील आत्ता. चार दिस झालं, बाईच्या पायाला दम न्हाई.”

“गाव फार नाव काढतंय तिचं,” शुभदा म्हणाली आणि ते तिने मनापासून म्हटलं.

फोन थरथरला. प्रितमचा निरोप होता: ‘थांबता आलं नाही. प्रतिक्रियेशिवाय पान छपाईला सोडलं. पहिल्या पानावर, तुझ्या नावाने.’

शुभदा हसली. उजेड डोंगरामागे चालला होता. सरुबाईने काल्याची थाळी उचलली आणि अंगणाच्या टोकाला, खाचराच्या बांधाशी नेऊन ठेवली. तिथे एक कुत्री साखळीला बांधलेली होती. तिची पिल्लं बांधावर लोळत होती.

“राजीनं बाटलीनं दूध पाजून वाढवली हिला,” सरुबाई म्हणाली. “पोटच्या पोरीवानी.”

“अंधार पडतोय, मावशी. आत नाही घ्यायची?”

“मी बी तेच म्हनलं,” सरुबाई थाळी पुढे सारत म्हणाली. “तर राजी म्हनली, राहू द्या आत्याबाई भाईरच. बिनघोर.”