अंमळ

"जाळी अलगद बसवा. आता अंमळ थांबा, पीठ निवू द्या," नवी बोलकी घरघंटी म्हणाली आणि विश्वासराव खूश झाले.

"किती गोड समजावते ही. पुस्तिका लिहिताना तुला हे कधी जमलं नाही, कुमुद."

कुमुदच्या अंगाचा तिळपापड झाला. यंत्रं बोलू लागली आणि तीस वर्षं त्यांच्या माहितीपुस्तिका लिहिणारी ती घरी बसली. नवरा मात्र दिवसभर या बयेपाशी. तिने माळ्यावरून जुन्या घरघंटीची, स्वतः लिहिलेली पुस्तिका काढली. प्लास्टिकची पिशवी कुणी फोडलीही नव्हती. ती तिनेच फाडली आणि सातवं पान त्यांच्यापुढे धरलं.

"आता अंमळ थांबा, पीठ निवू द्या," असं तिथे छापलेलं होतं.

विश्वासरावांनी ते पान घेऊन घरघंटीपुढे धरलं. "काय लिहिलंय, वाच गं जरा."