खोक्यावरची बाई

स्टुडिओत मी कपड्यांना इस्त्री करते. एकदा मांड्यांवरच्या चरबीच्या खळ्या घालवणाऱ्या ब्रशची जाहिरात होती, मॉडेल आलीच नाही, म्हणून फोटोग्राफरने मलाच उभं केलं. चेहरा नको होता, फक्त मांड्या. दिवा बाजूने लावला, खळ्या उठून दिसल्या. तो फोटो 'आधी'चा. मग दिवा समोर आणला, खळ्या गायब, तो 'नंतर'चा. कोरड्या अंगावर घासायचा तो ब्रश कुणी हातातसुद्धा घेतला नव्हता! काल नवऱ्याने तोच ब्रश आणला, खोक्यावर माझेच दोन्ही फोटो. वर मलाच सुनावतो, "बघ, बाई कशी होती, कशी झाली! नाहीतर तू! घास रोज." माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं संसार केला या माणसाबरोबर! गाऊन वर खेचला, खोका मांडीला लावला. "तीळ बघ, तीळ!" त्याने चष्मा चढवला, दोन्हीकडे निरखून पाहिलं. "अरे वा," म्हणाला, "हिलाही अगदी तिथेच तीळ आहे की!"