ओढ्यापलीकडचं कोयनेल

भरमा नागुकाकूच्या उंबऱ्याच्या आत आला, तो नऊ वर्षांनी. दोन्ही घरांची भिंत एक, पण वाटणीच्या भांडणापासून या भावकीत येणंजाणं उरलं नव्हतं. एका बेटावरच्या जपान्यांच्या कैदेतून सुटून तो कालच कडोलीला पोचला होता. काकूचा मुलगा शामू त्याच बेटावर, त्याच कैदेत वारला होता.

"सरकारी कागदात लिवलंय, हिवतापानं गेला," नागुबाई म्हणाली. "औषध न्हवतं व्हय रं?"

'न्हवतं' म्हणायचं, असं भरमानं बोटीवरच ठरवलं होतं. पण तिची नजर हलेना.

"व्हतं, काकू. कोयनेलची खोकी पार आढ्याला भिडलेली. पर ती जपान्यांच्या आरमाराच्या गोदामात. शामू त्यांच्याच लष्कराच्या छावणीत. मधी ओढा. दोनशे पावलं, म्या मोजल्यात."

"मग?"

"लष्कराचा डाक्टर मागाय गेला न्हाय. त्यांची सोताची माणसं मरत हुती, तरी न्हाय. आरमाराम्होरं आमी हात पसरायचो न्हाय, म्हनला. आन् आरमारवाले मागितल्याबगर द्यायचे न्हाईत."

"त्यांचा राजा येकच न्हवं?"

"येकच."

"मग येकमेकाचे दुश्मन काय म्हून?"

"दुश्मन न्हवं, काकू. भाऊबंद."

नागुबाई हळूच म्हणाली, "तू कुठल्या अंगाला हुतास?"

"आरमाराच्या. गोदामात हमालीला."

"म्हंजे ती खोकी तुझ्याच पाठीवरनं गेली."

सहा गोळ्या लंगोटात दडवून भरमानं एका रात्री ओढा ओलांडला होता. शामूच्या अंगाला हात लाववत नव्हता, इतकं ते तापलेलं. भरमानं गोळी तोंडाशी नेली, तसे शामूनं दात आवळले. "आईनं आण घातलीया. तुमच्या हातचं कायबी तोंडात घालायचं न्हाय." तापात बरळत असेल म्हणून भरमानं त्याला तारीख विचारली, पलटणीतला नंबर विचारला. दोन्ही उत्तरं बरोबर होती.

"चार गोळ्या उचलाय हात झडला हुता तुझा?" नागुबाई किंचाळली. "भावकीचा डाव साधलास, मुडद्या!"

भरमानं तिच्याकडं पाहिलं.

"व्हय, काकू," तो म्हणाला. "छाती झाली न्हाय."

मग ती सुटली. त्याच्या बापापासून ते अजून न झालेल्या पोरांपर्यंत तिनं कुणाला सोडलं नाही. तो खाली मान घालून उभा राहिला. शिव्या संपून हुंदके सुरू झाले, तेव्हाच बाहेर पडला.

शेजारच्या दारात त्याची आई उभी होती. भिंतीतून तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"तिथं पाणीबिणी पिला न्हाईस न्हवं?" तिनं विचारलं.