तळ्याचा मान

सेलॉर्मने फोन टेबलावर ठेवला, घड्याळ काढून त्याच्या शेजारी ठेवलं, खिसे चाचपून पाहिले आणि कुबड्या काखेत घेऊन तो खाली उतरला. ओडुम हॉल या कॉलेजच्या वसतिगृहाचा अध्यक्ष म्हणून आज त्याचा शेवटचा दिवस. संध्याकाळी हिरवळीवर समारंभ होता आणि हिरवळीला लागूनच तळं होतं.

त्या तळ्याबद्दल काय सांगावं! शेवाळलेलं पाणी आणि मधे सिमेंटची मगर. तिच्या तोंडातून कारंजं उडवायचं वचन प्रत्येक उमेदवार देतो आणि मगर बिचारी आ वासून वाट बघते. पण हॉलचा ज्याच्यावर जीव असतो त्याला याच तळ्यात फेकतात. वाढदिवस असो नाहीतर निवडणूक जिंकलेली असो. आधी कुणीतरी विचारतं, "फोन कुठंय?" हे कानावर पडलं की समजायचं, आपली शंभरी भरली. मग पळायचं. पळायलाच हवं, तशी रीत आहे. पकडलं की खिसे रिकामे करतात आणि धप्पकन पाण्यात.

सेलॉर्मला हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नव्हता. वाढदिवसाला पोरांनी तळ्याकाठी केक आणला, गाणी म्हटली आणि पिशवीतलं पिण्याचं पाणी त्याच्या डोक्यावर शिंपडलं, पाद्री तान्ह्या बाळावर शिंपडतो तसं. निवडून आला तेव्हाही तेच. लहानपणी पोलिओने एक पाय गेलेला, त्याला कोण फेकणार? सगळी फार चांगली पोरं होती. त्यांच्या चांगुलपणाचा सेलॉर्मला मनापासून वीट आला होता.

"फोन का उचलत नाहीस?" हॉलची चिटणीस अराबा जिन्याखालीच भेटली. "केळी तळून तयार आहेत. गार झाली तर लोक मला तळतील."

"खोलीत राहिला."

"अध्यक्षाचा फोन खोलीत? आजच्या दिवशी तरी..." बोलता बोलता ती थांबली. वाढदिवशीही तिने कितीदा फोन लावला होता, त्याने उचलला नव्हता. "तेव्हाही खोलीतच होता ना रे?"

सेलॉर्म कुबडीच्या मुठीवरचं रबर नीट करत राहिला. "चल, उशीर होतोय," तो म्हणाला.

भाषण त्याने छोटंच केलं. "वरच्या मजल्यावर नळाला पाणी आलं, ते माझ्यामुळे. भात अजून करपतो, तोही माझ्यामुळेच समजा." पोरं हसली. मग हॉलची कोरीव काठी त्याने नव्या अध्यक्षाच्या हातात दिली. नवा अध्यक्ष ओपोकू, गेल्या वर्षी निवडणुकीत त्याच्याकडूनच हरलेला. टाळ्या झाल्या, ढोल वाजले आणि लोक केळ्यांकडे वळले.

सेलॉर्म तळ्याकाठी उगाच उभा राहिला. त्याला फार वाईट वाटलं. मगरीकडे बघत तो जरा हसला, ते कुणी पाहिलं नाही.

अराबाने मात्र पाहिलं. तिने ओपोकूला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि कानात काहीतरी सांगितलं.

"वेडी का काय तू? सेलॉर्मला?"

"तो केटाचा आहे, समुद्रकाठचा. अर्धं बालपण खाडीत गेलंय त्याचं. तुझ्यासारखा कुमासीचा नाही, बादलीत डुंबलेला."

"आणि वाईट वाटलं त्याला तर?"

"वाईट आत्ता वाटतंय. बघ की जरा."

ओपोकूने पाहिलं. मग काठी टेकत तो तळ्याकडे गेला, घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माजी अध्यक्षसाहेब, फोन कुठंय?"

हिरवळीवरचे सगळे वळून बघायला लागले. ढोलवाल्याचे हात वरच राहिले.

"खोलीत!" सेलॉर्म म्हणाला आणि पळाला.

दोन कुबड्या आणि एक पाय घेऊन तो हिरवळीच्या पार दुसऱ्या टोकाकडे सुटला. क्षणभर कुणी हललं नाही. मग अराबा किंचाळली, "अरे पकडा ना, मेल्यांनो!" आणि सगळा हॉल मागे लागला. जेवणघरापाशी तो इतक्या झटक्यात वळला की मागचे दोघे एकमेकांवर आदळले. ओपोकूने काठी अराबाकडे फेकली आणि सेलॉर्मला कमरेला धरलं. अराबाने कुबड्या घेतल्या. चौघांनी त्याला उचललं.

"जड आहे रे!"

"वर्षभर सत्ता खाल्लीय त्याने!"

एक झोका, दुसरा झोका आणि धप्प.

बराच वेळ वर कुणी आलं नाही. ओपोकू वाकून पाण्यात बघायला लागला. तेवढ्यात पार मगरीच्या पलीकडे एक डोकं निघालं, कानांवरून शेवाळ लोंबत होतं. सेलॉर्मला हसू आवरेना. मगरीचा जबडा धरून तो कितीतरी वेळ नुसता हसत राहिला. काठावर ढोल पुन्हा सुरू झाले.

"शी! काय घाण पाणी हे!" शेवटी तो ओरडला. "इथला अध्यक्ष कोण आहे?"

सगळ्यांनी ओपोकूकडे बोट दाखवलं.

सेलॉर्म पोहत काठाशी आला. ओपोकू गुडघ्यावर बसला आणि त्याने हात पुढे केला. सेलॉर्मने तो पकडला. जन्मभर कुबड्यांवर चाललेला तो हात. तसली पकड हॉलमध्ये दुसऱ्या कुणाची नव्हती. पण तो वर काही येईना. ओपोकूच्या फुगलेल्या खिशाकडे बघत त्याने फार अदबीने विचारलं,

"नवे अध्यक्षसाहेब, फोन कुठंय?"