हरिद्वारची बाटली

कामवालीच्या चुका पोटात घालाव्यात, हे केशव चिटणिसांचं आयुष्यभराचं तत्त्व होतं. ते आज सकाळी बाथरूममध्ये हरिद्वारची बाटली सापडेपर्यंत टिकलं. लेबलावर गंगा होती, आत फरशीचं ॲसिड.

"पारूबाई, ही देवघरातली ना?"

"व्हय दादा. ॲसिडचा डबा गळत हुता, ही रिकामी दिसली."

"कधी ओतलंत?"

"दिवाळीच्या साफसफाईला."

चिटणिसांनी बोटांवर दिवस मोजले. आई दिवाळीनंतर आठ दिवसांनी गेली. शेवटच्या क्षणी बायकोनं पुढे केलेल्या वाटीतलं गंगाजल त्यांनीच चमच्यानं पाजलं होतं. आईनं तोंड वाकडं केलं होतं. ते तोंड अजून स्वप्नात यायचं.

"ती वाटी तू कुठून भरलीस?" त्यांनी बायकोला विचारलं.

"फिल्टरमधून. बाटली सापडेना," ती म्हणाली. "आणि आईंना फिल्टरचं पाणी कधीच आवडायचं नाही."