बावीस वर्षांत ओरखडा नाही

डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावल्यावर मास्तरांनी मन घट्ट करून गाडी विकून टाकली. दुसऱ्या दिवशी विमा एजंट पॉलिसी रद्द करायचा फॉर्म घेऊन घरी आला. सही करायला मास्तरांचा हात काही चालेना.

"बावीस वर्षं चालवली. एकदा तरी क्लेम मागितला का? साधा ओरखडा नाही गाडीला!"

"रेकॉर्डच सांगतंय की, काका. तुमच्यासारखा ड्रायव्हर शोधून सापडायचा नाही."

मास्तरांची कॉलर ताठ झाली आणि सहीसुद्धा झोकात झाली. चहा घेऊन आलेल्या काकू गालातल्या गालात हसल्या.

निघताना एजंट चपला घालायला वाकला, तर चपलांखाली गाडीतलं रबरी मॅट. टाचेच्या जागी झिजून झिजून आरपार भोक पडलेलं.

"हे गाडीसोबत नाही दिलंत?"

"गाडी घेणारा म्हणाला, असलं फाटकं नको."

"बावीस वर्षं ब्रेक दाबल्यावर झिजणारच, काका."

"माझ्या पायाखालचं नवंकोरं होतं, ते नेलं त्याने," मास्तर फणकारले. "हे हिच्या बाजूचं. शेजारच्या सीटखालचं."

एजंट गोंधळला. "पण काकू, त्या बाजूला ब्रेक कुठे असतो?"

"बावीस वर्षं हेच सांगतोय मी हिला!"

काकूंनी शांतपणे कपबशा उचलल्या.

"आला का एक तरी ओरखडा?"