सोनेरी पाखरू

गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हापासून हेमलताकाकूंना मोबाइलवरच्या ‘पाखरू’ खेळाचा नाद लागला होता. गल्लोगल्ली हिंडायचं आणि पडद्यावर पाखरू दिसलं की त्याचा फोटो काढायचा. निम्मं अकोला हाच खेळ खेळत होतं.

त्या संध्याकाळी दुर्मीळ सोनेरी पाखरू त्यांच्याच गच्चीवर दिसलं, दोरीवरचे वाळलेले कपडे काढणाऱ्या अनुजाच्या खांद्यावर. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून अनुजा जळगावहून पळून आली होती. काकूंनी तिला वरची खोली दिली होती आणि कुणाकडे अवाक्षर काढलं नव्हतं.

“हलू नकोस गं!” म्हणत काकूंनी फोटो टिपला. अनुजाही हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा नवरा फाटकाशी उभा राहिला.

“उपकार झाले, काकू,” तो म्हणाला. “बायको हरवली म्हणून खेळाच्या कंपनीकडे तिचा फोटो दिला होता. कुणाच्या फोटोत तसा चेहरा ओझरता दिसला, की तिथे ते सोनेरी पाखरू बसवतात. तुमच्या फोटोने खात्री पटली.”

काकूंनी फाटकाला कुलूप घातलं आणि ओरडून शेजारीपाजारी गोळा केले, तेव्हा कुठे तो गेला. जाताना पुन्हा येईन म्हणाला.

वर अनुजा बॅग भरत होती. काकूंनी तिच्यासमोर खेळ पुसून टाकला, रडत माफी मागितली. अनुजाने पदराने त्यांचे डोळे पुसले.

“पण कुठे जाशील गं पोरी?”

“ते तुम्हाला नाही सांगणार, काकू.”